किल्लारीतून आपण 'दगड वाईट' एवढंच शिकलो का?

माळवद: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपाने जवळपास दहा हजार माणसं गेली. लोकांनी धडा घेतला तो एकच: दगडाचं घर मारतं, स्लॅबचं वाचवतं. घात केला तो मातीत रचलेल्या, आतली-बाहेरची बाजू सुटी असलेल्या जाड भिंतीने आणि माळवदावरच्या (सपाट छपरावरच्या) मातीच्या ओझ्याने. मधूनमधून आरपार लांब दगड आणि दारांच्या वर सलग पट्टा, एवढ्यानेही बराच फरक पडला असता. हे घरमालकाला समजावू शकणारा सिव्हिलचा विद्यार्थी दाखवा! शेवटच्या वर्षी गावात घर तपासून मालकाला समजावणं सक्तीचं करा. मार्कांसकट.

लोडबेअरिंग: साफ अमान्य. इंजिनिअरने आता कीर्तन करायचं का? तेव्हा भूकंपाच्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. नकाशाच चुकलेला, मग समजावणार काय, कपाळ?

माळवद: १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसत होतेच की. मोठा भूकंप कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही. पण 'भिंतीला पोट आलंय, उतरवून घ्या' हे सांगायला नकाशा कशाला लागतो?

शंकासुर: आणि सांगितलेलं चुकलं तर? इटलीत लाक्विलाला २००९ मध्ये भूकंपात तीनशेवर लोक मेले, २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. आपल्या पोरांना कोर्टात उभं करायचंय? सांगणं हे कलेक्टरचं काम.

माळवद: अर्धीच गोष्ट सांगताय. २०१४ ला अपिलात ते सहाही सुटले. शिक्षा (कमी होऊन का होईना) राहिली ती त्यांच्यासोबतच्या, 'धोका नाही' असा दिलासा देणाऱ्या अधिकाऱ्याची.

साइटवरची: कलेक्टर रिंगचा आकडा (वळवलेलं टोक) बघायला येत नाही हो. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगचं टोक १३५ अंशांत आत वळवायचं असतं, सळ्या बांधणारे फिटर ९० वर सोडतात. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट निखळलं की असा आकडा उघडतो आणि सळ्या फुगून बाहेर येतात. आमच्या फिटरला सगळं समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, जास्तीच्या वेळाची हजेरी कोण देणार?"

लोडबेअरिंग: बघा, मुद्दा पैशाचा निघाला!

साइटवरची: पैसा मालकाचा, आणि त्याला या आकड्याबद्दल कुणी बोललेलंच नसतं. टाइल्सचे नमुने दाखवायला मात्र आमचे साहेब दोन-दोन तास बसतात.