आवाज टोचतो म्हणून अँप्लिफायर बदलू नका, आधी खोली बघा

पर्वरीकर:
ओळखीत ज्यांनी ज्यांनी नवा स्टिरिओ घेतला त्यांची तक्रार एकच: आवाज टोचतो. गायिकेने वरचा सा लावला की कानात सळई गेल्यासारखं होतं. मग खर्चाचं सत्र सुरू. आधी वायर, मग डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारा डबा), शेवटी अँप्लिफायरच विकायला काढायचा. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या गोव्यातल्या नव्या फ्लॅटांत बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो आणि खापर यंत्रावर फुटतं.

खोली बघा ना. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या, बाजूला गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती, बाल्कनीला सरकती काच. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून गालिचा नाही, जड पडदे नाहीत. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'झिंग' अशी शेपटी ऐकू आली की समजा, तीच शेपटी प्रत्येक स्वराला लागते आहे. त्यातून आपला कान 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट, म्हणजे नेमका तिथेच त्रास.

हिशेब करू. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून हार्वर्डमध्ये खुर्च्यांच्या गाद्या एका सभागृहातून दुसऱ्यात वाहून नेत जे प्रयोग केले, त्यातून सूत्र निघालं: घुमण्याचा काळ म्हणजे 0.161 गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. खोली 5 × 4 × 3 मीटर धरा. घनफळ 60 घनमीटर, पृष्ठभाग 94 चौरस मीटर. रिकाम्या खोलीतले सगळे पृष्ठभाग जेमतेम 2 टक्के आवाज शोषतात असं मानलं तर काळ येतो 5 सेकंदांच्या वर. आता त्यातल्या 10 चौरस मीटरवर चुण्या घातलेला जाड पडदा लावा. वरच्या सुरांच्या पट्ट्यात तो 70 टक्क्यांच्या आसपास शोषतो. काळ उतरतो 1.1 सेकंदावर. सोफा, पुस्तकं, माणसं धरली तर प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतील, पण फरक कुठे पडतो ते दिसलं. इतका फरक कुठली वायर पाडते, सांगा.

तबकडीवाला:
पर्वरीकर, सूत्र बरोबर आहे, पण दुखणं कुठलं ते न बघता औषध देताय. माझी बैठकीची खोली पुस्तकांनी गच्च भरलेली आहे, टाळी वाजवली तर मेलेली वाटते. तरीही रेकॉर्ड लावली की 'स', 'श', 'च' उडायचे, आणि तेही तबकडीच्या आतल्या भागाकडे जास्त. यात खोली काय करणार? आतल्या भागात फेरा लहान होतो, तेवढ्याच वेळेची लहर कमी लांबीत कोंबलेली असते आणि झिजलेल्या सुईला तिचा माग धरता येत नाही. सुईचं आयुष्य साधारण 500 ते 1000 तास सांगतात. रोज दोन तास ऐकणाऱ्याने वर्षाचा हिशेब स्वतः करावा. शिवाय लोक तबकडी झिजेल या भीतीने सुईचा भार कमी ठेवतात. कमी भाराची सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटते आणि तबकडीची नासाडी उलट जास्त करते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत, वरच्या बाजूला भार ठेवा.

वास्कोचा:
समुद्रकाठी राहणाऱ्यांचं कुणी बोलतच नाही. आमच्याकडे खारा वारा. स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवा थर चढतो. पहिलं काम म्हणजे सगळी टोकं काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं.

सर्किटवाला:
पुसा जरूर, पण थर चढला की खरखर येते, एक बाजू मधेच जाते-येते. सतत, एकसारखं टोचणं हे त्याचं लक्षण नव्हे.

आणि पर्वरीकर, तुमच्याशीही भांडण आहे. पडदा शिवायला टाकण्याआधी फुकटात होणाऱ्या चाचण्या आहेत, त्या का सांगत नाही? तेच गाणं, त्याच फोनवरून, बऱ्या हेडफोनवर ऐका. तिथेही टोचलं तर खोली निर्दोष, दोष गाण्याच्या फाइलचा किंवा फोनमधल्या डॅकचा. मग अँपच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. टोचणं एकाच बाजूला असेल आणि वायरींबरोबर दुसऱ्या स्पीकरवर गेलं, तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या आधी. त्याच स्पीकरवर राहिलं तर तो स्पीकर किंवा त्याचा कोपरा. त्यानंतर आवाज एकदम कमी करा. बारीक आवाजातही टोचत असेल तर सुरांचा समतोल बिघडलाय. फक्त मोठ्या आवाजात टोचत असेल तर अँप दमतोय.

हे शेवटचं आपल्याकडे पावसात हमखास. बाहेर पत्र्यावर धो धो पाऊस, आत काही ऐकू येत नाही, म्हणून माणूस नॉब पिळत जातो. 10 डेसिबल वाढवायचे तर वीज दहापट लागते. 5 वॅटवर निवांत चाललेल्या अँपकडे 50 वॅट मागितले आणि त्याची ऐपत 30 ची, तर लहरीचं डोकं कापलं जातं. कापलेल्या डोक्यातून जे नको ते वरचे सूर तयार होतात, ते थेट ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर. अशा माणसाला मोठा अँपच लागेल, पडदा नव्हे. म्हणजे 'अँप्लिफायर बदलू नका' हे तुमचं शीर्षकच अर्धवट आहे.

केरीची लेक:
सगळे यंत्रात अडकलेत. गाणं कुठून आलं ते कुणी विचारलं का? आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर अंतराळात गेला. त्यांच्या पिढीचं गाणं मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे. तिथे वरच्या टोकाला संगीतापेक्षा खरखरच जास्त, आणि ट्वीटर ती इमानेइतबारे ऐकवतो. उलट आजच्या पुनर्मुद्रणांत सगळं दाबून, चढवून एका पातळीला आणलेलं. सूर मोठा होतो, श्वास जातो. असं गाणं कुठल्याही खोलीत थोड्या वेळाने डोकं उठवणारच. साधा उपाय सांगते, ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांचा, नॉब थोडा डावीकडे फिरवा.

पर्वरीकर:
नॉब फिरवणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर! थेट येणारा आवाज चांगला असतानाही तुम्ही तो बोथट करताय, का, तर भिंतीवरून परतणारा वाईट आहे म्हणून.

सर्किटवाला, दमलेल्या अँपचं म्हणणं मान्य, पण तो पावसाळ्यापुरता मुद्दा झाला. फ्लॅटवाल्यांचं दुखणं उन्हाळ्यातही असतंच. बाकी सॅबिन शोषण मोजायचे ते उघड्या खिडकीच्या मापाने, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. बाल्कनीची काच पूर्ण सरकवून तेच गाणं ऐका. टोचणं उतरलं तर दोषी कोण ते कळलं.

कौलारू:
आणि शेजारी पोलिसांना बोलावतील ते वेगळं.

आम्ही सासष्टीत जुन्या घरात राहतो. चिऱ्याच्या भिंती, लाकडी कपाटं, वर उंच मंगळुरी कौलं, फटीफटीतून आवाज बाहेर. पर्वरीकरांच्या हिशेबाने इथे स्वर्ग हवा. पण मुलाने आणलेले नवे स्पीकर इथेही टोचतात, आणि जुनी जोडी त्याच जागी, त्याच अँपवर गोड वाजते. काही कंपन्या दुकानात छाप पडावी म्हणून वरचा पट्टा मुद्दाम चढवून देतात, असं मला वाटतं. खोलीला किती धुणार?

सर्किटवाला:
कौलारू बाब, ते नवे स्पीकर सरळ तुमच्या तोंडावर रोखलेत का? ट्वीटर कानाच्या रेषेत असेल तर स्पीकरचं तोंड थोडं बाहेर वळवा. बाजूने ऐकलं की वरचा पट्टा आपोआप उतरतो.

फोंड्याची:
पडद्याचे सल्ले देणाऱ्यांनी जुलैत आमच्याकडे यावं. जाड मखमल लावली, तिला काळे ठिपके पडले, नवऱ्याला शिंका. भिंतीला पातळ फोमही चिकटवून झाला. तो फक्त वरचे सूर खातो, खालची घुमघुम तशीच राहते. चवथीला घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) आरतीचं रेकॉर्डिंग लावलं तर घुमट नुसता गुरगुरत होता आणि झांजेत जीवच नव्हता. आता दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीवर नुसती पुस्तकांची कपाटं आहेत, आणि गोधड्या. गोधड्या उन्हात टाकता येतात.

पर्वरीकर:
पातळ फोमबद्दल शंभर टक्के सहमत, तो विकणाऱ्यांवर वेगळा धागा काढायला हवा. गोधडी बाजूच्या भिंतीवरही लावून बघा. कुणाला तरी भिंतीला टेकवून आरसा सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून ट्वीटर ज्या ठिकाणी दिसेल तिथेच ती लावायची. कौलारू, तुमचे स्पीकर वळवून झाले की कळवा. तरीही टोचले तर त्या जोडीपुरतं माझं म्हणणं मागे घेतो, बाकी फ्लॅटांबद्दल नाही.

केरीची लेक:
तोवर मी नॉब डावीकडेच ठेवते.