होमब्रू कॅम्पेनमधला (म्हणजे स्वतः रचलेल्या खेळ-कथेतला) जादूचा बर्फ-स्फटिक भलताच ओपी (अति ताकदवान) झालाय, आवरायचा कसा?

फासेवाला
मंडळी मदत हवीय. आमचा छोटा ग्रुप आहे, ऑनलाइन फाशांचा रोल-प्लेइंग गेम खेळतो, डीएम (खेळ चालवणारा) मीच आणि दुनियापण माझीच, नाव हिवरखंड. तिच्या पार उत्तरेला काळखिंड म्हणून जागा आहे, तिथे निशिगार नावाचा स्फटिक सापडतो, म्हणजे लोककथेत सापडतो, दोनशे वर्षांत कोणी बघितलेला नाही वगैरे. सुपारीएवढा, निळसर, उन्हात ठेवला तरी वितळत नाही आणि हातात धरून जिथे बोट दाखवाल तिथलं पाणी गोठतं. प्लॅन होता की शेवटच्या लढाईत द्यायचा, पण आमच्या चोरणीने (एका प्लेअरचं कॅरेक्टर) असले काही फासे टाकले की तो आत्ताच तिच्या खिशात आहे.

आता काय होतंय, नदी आली की गोठव, पहारेकरी आला की त्याच्या बुटाखालचा चिखल गोठव, राक्षस आला की त्याच्या तोंडातली लाळ गोठव (यावर अर्धा तास भांडण झालं). दिवसातून तीनदाच वापरता येईल असला नियम मला नकोय, फार बोअर वाटतो, आणि चोरीला गेला म्हणून काढून घेतला तर पोरं उठून जातील. वर एक जण इंजिनीअर आहे तो दर वेळी विचारतो की हा वितळत का नाही, त्यालापण काहीतरी पटेल असं सांगायचंय.

भौतिकवेडा
जादू राहू दे जादू, फक्त एक हिशोब चालू कर. पाणी गोठताना थंडी कुठून येत नाही, पाण्यातली उष्णता बाहेर जाते. 1 किलो पाणी शून्य अंशाला गोठलं की 334 किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणजे तेवढंच दुसरं पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवायला पुरेल इतकी. निफाडकडे पारा फार खाली गेला की द्राक्षवाले पहाटे शेकोट्या तर करतातच पण बागेत पाणीपण सोडतात, त्यात पाणी निवताना गोठताना जी ऊब सोडतं तिचाच फायदा असतो.

आता तुझी नदी घे. 20 मीटर रुंद पात्र, त्यावर 2 मीटर रुंदीची वाट, घोडे न्यायचे तर पाव मीटर जाड बर्फ धरू. झाले 10 घनमीटर, साधारण 9 टन बर्फ. उष्णता निघाली 3 अब्ज ज्यूलच्या आसपास, म्हणजे दोनशे किलो सुकं लाकूड जाळल्यासारखं. ही गेली कुठे, हा प्रश्न त्या इंजिनीअरलाच विचार ना तू उलटा. माझ्या मते ती वापरणाऱ्याच्या अंगात जावी. लाळ गोठवली तर नुसता घाम फुटेल, नदी गोठवली तर कोळसा.

मोरपंखी
हे मस्त आहे पण कोळसा नको, कॅरेक्टर मेलं की मजा संपली.

आपल्याकडच्या जुन्या संस्कृत काव्यांत चंद्रकांत मणी असतो बघ, चांदणं पडलं की पाझरतो, आणि त्याच्या जोडीला सूर्यकांत, जो उन्हात आग ओकतो. ती जोडी उचल की सरळ! निशिगार गोठवतो तेव्हा जगात कुठेतरी त्याचा जोडीदार तापतो. कुठे, ते प्लेअर्सना सांगायचंच नाही, फक्त पुढच्या गावात गेल्यावर कळतं की परवा रात्री धान्याचं कोठार आपोआप पेटलं, आणि तारीख जुळते. आमच्या ग्रुपमधे असलं काही झालं असतं तर आम्ही सगळं सोडून त्याच्याच मागे लागलो असतो.

दहिवर
दुर्मिळ का आहे ते कोणीच विचारलं नाही. "कोणी पाहिलेला नाही" हे कारण नाही होत भाऊ, आळस आहे तो 😀

खरा बर्फकण बघ कसा बनतो. जपानमधे होक्काइदोला उकिचिरो नाकाया म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी 1936 साली प्रयोगशाळेत पहिल्यांदा बर्फाचा स्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसावर, आणि मग तापमान नि हवेतला ओलावा बदलत कुठे कुठला आकार येतो त्याचा तक्ताच मांडला. उणे 15 च्या आसपास ओलावा भरपूर असेल तर फाटे फुटलेल्या चांदण्या, उणे 5 ला सुया आणि पोकळ खांब. पाच-दहा अंश इकडचे तिकडे झाले की वेगळीच वस्तू. म्हणून निशिगार फक्त काळखिंडीतच आणि तिथली थंडी कित्येक वर्षं एका ठरावीक अंशावर अडून राहिली तरच, असं कर. आणि चित्र काढणार असशील तर प्लीज आठ टोकं काढू नको, नेटवर सगळे काढतात, बर्फाला सहा. बारापण चालतील, दोन कण जुळे वाढले की खरंच बारा फाट्यांचा बनतो आणि तो क्वचितच मिळतो.

रात्रपाळी
वितळत का नाही याला माझ्याकडे उत्तर आहे. बर्फाचे बरेच प्रकार असतात, त्यातला सात नंबरचा प्रचंड दाबाखाली नेहमीच्या तापमानालासुद्धा घट्ट राहतो, दाब म्हणजे हवेच्या वीस हजार पटीच्या वर. 2018 मधे हा प्रकार नैसर्गिक हिऱ्यांच्या पोटात सापडला, हिऱ्याने तो दाब धरून ठेवला होता. मग निशिगारचं कवच हिऱ्यासारखं आणि आत तो बर्फ. उन्हात ठेवा चुलीत टाका, काही होणार नाही, पण तडा गेला की दाब सुटला आणि हातात फक्त थेंब. चोरणीला एकदा तो खिशातून पडल्याचा फासा टाकायला लाव, बघ कशी जपते मग.

फासेवाला
अरे काय लोक आहात तुम्ही! तडा तर घेतोच आणि बारा फाटेपण. पण उष्णतेचं अडतंय, मोरपंखी, जोडीदार मणी कुठाय ते कळलं की आमची चोरणी तो शत्रूच्या तंबूत ठेवून येईल आणि इकडे आरामात तळं गोठवत बसेल. मी तिला ओळखतो.

मोरपंखी
हो ठेवेलच 😂 मग जोडीदार रद्द कर. उष्णता काळखिंडीतच जाऊ दे, जिथे तो बनला तिथे. दहिवर म्हणतोय तशी तिथली थंडी एका अंशावर अडलेली असेल तर दर वापराला खिंड थोडी तापणार, म्हणजे नवा निशिगार बनणं बंद, आणि तिथल्या बर्फाखाली तू काहीतरी पुरून ठेवलंच असशील.

भौतिकवेडा
चालेल, पण 9 टनांच्या एका पुलाने अख्खी खिंड तापायची नाही, तिथे लाखो टन बर्फ असणार. खिंड लहान कर नाहीतर जे पुरलंय ते वरच्या थरात आण.

फासेवाला
वरच्या थरात आणतो. शनिवारी सेशन आहे, त्यांना समुद्रकिनाऱ्यावर नेतोय, चोरणीला मोकळं सोडणार.