मनपाच्या कार्बनचा हिशोब कसा मांडायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सकाळी फुटाळ्यावर फिरणारे चार निवृत्त लोक. नागपूर मनपाचं कार्बन उत्सर्जन दरवर्षी किती कमी होतं, ते स्वतः मांडून बघायचं ठरवलंय. किराण्याच्या हिशोबाची दोनशे पानी वही आणली, रकाने आखले: पथदिवे, पाण्याचे पंप, गाड्यांचं डिझेल, कचरा. (बायको म्हणते, आधी घरचं वीजबिल बघा!)

विजेचं सोपं आहे, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलचं लिटरमागे २.७ किलोच्या आसपास. पण कचरागाड्या कंत्राटदाराच्या असतील तर ते डिझेल मनपाच्या नावावर धरायचं का? मला वाटतं धरावंच, नाहीतर कंत्राट दिलं की उत्सर्जन गायब!

खरं घोडं अडलंय भांडेवाडीच्या कचरा डेपोपाशी. साचलेला ओला कचरा वर्षानुवर्षं मिथेन सोडतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापदायक. मग आज टाकलेला कचरा यंदाच्या रकान्यात लिहायचा की पुढे विभागायचा? आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्या बचतीचं श्रेय कोणाच्या खात्यात?

आधारवर्ष २०१९-२० धरतोय. २०२०-२१ लॉकडाऊनचं, ते धरलं तर तुलनाच फसेल.

माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज टाकणार आहोत. आकडे वर्षवार, विभागवार मिळावेत म्हणून प्रश्न नेमके कसे लिहायचे? कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना टाका ना भाऊ.