मदत हवी आहे : अर्धा सीन मे महिन्यात, अर्धा पावसाळ्यात

मंडळी, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात कमी बजेटच्या सिनेमात बापाचं काम करतोय. नाटकात बरीच वर्षं गेली, कॅमेरा नवा.

नागपूरचा मे, पारा ४५ च्या आसपास. आवाज जागेवरच रेकॉर्ड होतो, म्हणून टेक सुरू झाला की कूलर बंद. दुसऱ्या टेकपर्यंत सदऱ्याची पाठ ओलीचिंब. लाँग शॉटमध्ये मी कोरडा, क्लोजअपमध्ये घामाघूम! कंटिन्युइटीला (म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय का ते बघायला) वेगळा माणूस नाही, दिग्दर्शकच मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. तसाच आणखी एक सदरा मागितला तर बजेट नाही म्हणे. (तर्री-पोह्याला मात्र आहे.)

खरी अडचण पुढे आहे. मुलाशी भांडणाचा सीन अर्धाच झालाय. मुलाचं काम करणारा पोरगा नोकरीवाला, आता थेट पावसाळ्यात मोकळा होणार. तोवर त्या भांडणाचा ताव, आवाजाची पट्टी कशी धरून ठेवायची? नाटकात रोज प्रयोग असतो, इथे मधे दोन महिने काहीच नाही. शिवाय संवाद वऱ्हाडी वळणाचे, एसी स्टुडिओत डब केले तर सपाट होतील असं वाटतं. उरलेली वाक्यं कॅमेऱ्याशिवाय आत्ताच वाड्यात रेकॉर्ड करून ठेवायला सांगू का? असं तुकड्यातुकड्यांत काम केलेलं कोणी असेल तर सांगा ना भाऊ.