नाताळ बंद करून चिनी सण टिकतील का?

मृद्गंध
डिसेंबर आला की चीनमध्ये तोच वाद पेटतो: नाताळ साजरा करणं ही आपल्या सणांशी बेइमानी आहे का? २००६ साली नामवंत विद्यापीठांतल्या दहा पीएचडी विद्यार्थ्यांनी नाताळाविरुद्ध जाहीर पत्रक काढलं. २०१४ साली शीआनच्या एका महाविद्यालयाने नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मुलांना सक्तीने बसवून कन्फ्यूशियस वगैरे विषयांवरच्या फिल्म दाखवल्या.

मी शांघायला सहा वर्षं राहिले. बंदीने सण टिकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या शेजारी एक आयी होत्या (तिथे आयी म्हणजे मावशी). दुआनवू, म्हणजे ड्रॅगन बोटींचा सण, जवळ आला की त्या झोंगझी करायच्या. रुंद पानं उकळून त्यांचा द्रोण करायचा, भिजवलेला चिकट तांदूळ आणि सोया सॉसमध्ये मुरवलेलं मांस भरायचं, मग दोऱ्याचं एक टोक दातात धरून करकचून बांधायचं. माझी पुडी दरवेळी पातेल्यात सुटायची. त्यांची मुलगी मात्र व्हॅक्यूम पॅक झोंगझी मागवायची. ती नाताळही करत नव्हती. रात्री नऊला घरी येणाऱ्या बाईने कुठला सण करायचा? तिचा सण नाताळाने नाही, कामाच्या तासांनी खाल्ला.

दक्षिणायन
मृद्गंधताई, असहमत. बंदी वेगळी आणि राखण वेगळी. २००५ मध्ये दक्षिण कोरियातल्या कांगनुंगच्या दानो उत्सवाला युनेस्कोची मान्यता मिळाली. तोही पाचव्या चांद्रमासातल्या पंचमीचाच सण. 'आमचा दुआनवू दुसऱ्यांनी नेला' म्हणून चीनमध्ये केवढा गहजब झाला! पण त्यानंतर पावलं पडली. २००६ मध्ये मोठे पारंपरिक सण राष्ट्रीय वारशाच्या यादीत आले. २००८ पासून छिंगमिंग (पूर्वजांच्या कबरी झाडायचा सण), दुआनवू आणि शरद पौर्णिमेच्या सणाला सार्वजनिक सुट्टी मिळाली, त्यासाठी मे दिनाची सुट्टी तीन दिवसांवरून एकावर आली. २००९ मध्ये दुआनवू युनेस्कोच्या यादीत गेला. हे केलं नसतं तर तुमच्या आयींच्या मुलीला त्या दिवशी ऑफिसातच बसावं लागलं असतं.

आणि बाजाराचं काय? व्हॅलेंटाइनच्या गुलाबांमागे, नाताळाच्या झाडामागे मॉलचा पैसा उभा असतो. नवव्या महिन्यातल्या नवमीला छोंगयांग येतो, डोंगर चढायचा आणि म्हाताऱ्यांचा मान राखायचा दिवस. त्याच्यामागे कोण उभं आहे? बाजार त्याला विचारत नाही. मग सरकारने आणि शाळेने उभं राहायला नको?

जुनी_पाटी
पण त्या सणांवर सगळ्यात मोठा घाव कोणी घातला? १९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, सरकारनेच वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची सुट्टी रद्द केली. पूर्वजांची पूजा, गृहदेवता सगळी अंधश्रद्धा ठरली. त्याआधी, कम्युनिस्ट राजवटीपूर्वी, नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारनेही चांद्र नववर्ष मोडून १ जानेवारी लादायचा प्रयत्न केला होता. लोकांनी घरात दार लावून सण केले. त्यात परदेशी सणांचा काडीचाही हात नव्हता. म्हणून सरकारला राखणदार नेमायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दक्षिणायन
जुनी_पाटी, हा इतिहास मला मान्य आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. शहरातली एक अख्खी पिढी ते शिकलीच नाही. ज्याने मोडलं त्यानेच दुरुस्त करून द्यायला हवं, आता हात झटकून कसं चालेल?

यीवू_वारी
सजावटीच्या मालासाठी अकरा वर्षं यीवूला, चीनमधल्या घाऊक बाजाराच्या शहरात, जातो. नाताळाची झाडं, आपल्या गणपतीच्या मखराची प्लास्टिकची फुलं, दिवाळीच्या माळा, सगळं त्याच बाजारात. सांताच्या टोप्या शिवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्यासाठी तो माल आहे, सण नाही. पण वसंतोत्सव आला की कारखाने ओस पडतात, कारागीर आधीच गावाकडे निघतात, मालक फोन उचलत नाही. ऑर्डर महिनाभर आधी दिली नाही तर आमचा हंगाम बुडतो. त्या सणाला राखणदार लागत नाही. छोंगयांगची काळजी करा, ती रास्त आहे. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

डॉ_रानफूल
मी एमबीबीएसला चीनमध्ये होते. २४ डिसेंबरला वर्गातली मैत्रीण रंगीत कागदात गुंडाळलेलं सफरचंद द्यायची. सफरचंद म्हणजे फिंगक्वो आणि त्या रात्रीचं नाव फिंगआन, म्हणजे शांततेची रात्र. ध्वनी जुळला आणि रिवाज झाला. युरोपात कोणी असं सफरचंद देत नाही, हा चिनी मनाचाच खेळ. तीच मैत्रीण एप्रिलमध्ये छिंगमिंगला आजोबांची कबर झाडायला गावी जायची, सोबत छिंगत्वान, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे, न्यायची. एक केलं म्हणून दुसरं सुटलं, असं मला तिच्यात दिसलं नाही.

मृद्गंध
दक्षिणायन, सुट्टीचं मला पटलं. ते मी माझ्या मुद्द्यात धरायला हवं होतं. २०२५ पासून चिनी नववर्षाच्या आदल्या दिवसालाही कायद्याने सुट्टी मिळाली, तीही हवीच होती. पण त्याच सरकारने सलग सुट्टीच्या नावाखाली शनिवार-रविवारी कामावर बोलवायची पद्धत ठेवली आहे, त्यावर तुम्ही बोललाच नाहीत. आयींच्या मुलीचा राग नाताळावर नव्हता, तो ह्या भरपाईच्या रविवारांवर होता.

गेल्या दुआनवूला आयींनी व्हिडिओ कॉल केला. दाराला नागदवण्यासारखी उग्र वासाची पानं टांगलेली, नातीच्या मनगटावर पाच रंगांचा धागा. मुलगी घरी होती. पानाचा द्रोण तिच्या हातात फाटला, तांदूळ ओट्यावर सांडला. आयी काही बोलल्या नाहीत, दुसरं पान पुढे केलं.