ग्रिनेलची ‘सिस्टिम’ : डिव्हिजन थ्रीच्या चाहत्याने तिच्यामागे अख्खा हंगाम घालवावा का?

बॉक्सस्कोर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचं पुरुष बास्केटबॉल नेमाने पाहणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा वाद एकदा नीट घालूया. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: डिव्हिजन थ्री म्हणजे एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) तो गट, जिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. चारशेच्या वर कॉलेजं, त्यामुळे सगळं पाहणं कुणालाच शक्य नाही. एखादा संघ निवडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याच्या मागे लागावं लागतं. माझं म्हणणं, तो संघ आयोवातलं ग्रिनेल असावा.

डेव्हिड आर्सेनो (थोरले) १९८९ मध्ये तिथे कोच झाले. संघ वर्षानुवर्षं हरत होता. त्यांनी पाच-पाच खेळाडूंचे गट पाडले आणि आइस हॉकीसारखा अख्खा गट पाऊण-एक मिनिटाने बदलायला सुरुवात केली. पूर्ण मैदानभर प्रेस (समोरच्याला चेंडू पुढे आणतानाच अडवणं), चेंडू हातात आला की बारा-पंधरा सेकंदांत शॉट, शक्यतो थ्री (लांबून तीन गुणांचा). हीच ती ‘सिस्टिम’. सामन्यागणिक उद्दिष्टं ठरलेली: ९४ शॉट, त्यातले ४७ थ्री, हुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश रिबाउंड परत आपल्याकडे, प्रतिस्पर्ध्याचे ३२ टर्नओव्हर (शॉट न घेता चेंडू गमावणं), आणि त्याच्यापेक्षा २५ शॉट जास्त. १९९६ मध्ये ग्रिनेलने मिडवेस्ट कॉन्फरन्स (त्या भागातल्या कॉलेजांची साखळी) जिंकली.

इतर संघांत सात-आठ जण खेळतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. इथे पंधरा-वीस जणांना खरी मिनिटं मिळतात. शिष्यवृत्ती नसताना, रात्री प्रयोगशाळेचं काम उरकून सरावाला येणाऱ्या मुलाला याहून चांगलं काय देता येईल? डिव्हिजन थ्रीचं तत्त्व पाळणारी याहून प्रामाणिक पद्धत मला माहीत नाही.

पोस्टप्ले

सहमत नाही. खेळायला मिळणं चांगलंच, पण चाहत्याने काय पाहायचं हा प्रश्न वेगळा आहे.

सिस्टिममध्ये बचाव म्हणजे एक जुगार आहे. ट्रॅप (चेंडूवाल्याला दोघांनी घेरणं) फसला की समोरच्याला बिनविरोध लेअप (बास्केटजवळचा सोपा शॉट) मिळतो, आणि तो द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. हाफकोर्टमधला बचाव, स्क्रीनवर (साथीदार आडवा उभा राहून वाट अडवतो तेव्हा) कोण कुणाला धरतो, पोस्टमध्ये (बास्केटजवळ) पाय कसे ठेवायचे, कमकुवत बाजूने मदत कधी यायची, यातलं काहीच पाहायला मिळत नाही.

त्याच काळात विस्कॉन्सिनमध्ये कोच बो रायन प्लॅटव्हिल विद्यापीठात काय करत होते ते बघा. १९९१, १९९५, १९९८ आणि १९९९ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातले दोन हंगाम अपराजित. स्विंग ऑफेन्स ही त्यांची हल्ल्याची पद्धत, पाचही जणांना पोस्टमध्ये खेळता यायला हवं, टर्नओव्हर जवळपास नाहीत. शिष्यवृत्ती तिथेही नव्हती. सिस्टिम खेळणाऱ्या एकाही संघाने डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद मिळवलेलं नाही. हे कुठल्याही तत्त्वाने झाकता येत नाही.

मधली_लेन

पोस्टप्ले, लेअप दिला म्हणजे बचाव नाही, हे गणिताला धरून नाही. हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण उद्दिष्टं ग्रिनेलचीच आहेत.

९४ शॉट. ४७ थ्रीपैकी १६ पडले: ४८ गुण. ४७ टूपैकी २३ पडले: ४६ गुण. फ्री थ्रो सोडून ९४. समोरच्याला २५ शॉट कमी, म्हणजे ६९. त्यातले ४१ पडले, जवळजवळ ६० टक्के, सगळे टू. ८२ गुण. म्हणजे समोरचा ६० टक्क्यांनी आणि आपण जेमतेम ४१ टक्क्यांनी शॉट मारूनही आपण १२ गुणांनी पुढे. त्या ६० टक्क्यांकडे पाहून ‘बचावच नाही’ म्हणणं सोपं आहे. बचाव त्या न घेतलेल्या २५ शॉटमध्ये आहे.

पोस्टप्ले

तुमचाच हिशेब पुढे नेतो. ३२ ऐवजी २२ टर्नओव्हर झाले, तर समोरच्याला १० शॉट वाढले. त्याच टक्केवारीने ६ पडले, १२ गुण. ९४–९४. म्हणजे सगळा डोलारा दहा टर्नओव्हरवर उभा आहे, आणि ते दहा कसे वाचवायचे हे कॉन्फरन्समधल्या प्रत्येक कोचला माहीत असतं. वर्षातून दोनदा गाठ पडते ना.

इनबाउंड (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) लगेच, ट्रॅप बसायच्या आत. चेंडू घेणारा कोपऱ्यात जाऊ द्यायचा नाही, कारण तिथे साइडलाइन आणि बेसलाइन हे दोन आयते बचावपटू असतात. तिसरा माणूस मैदानाच्या मधोमध, फ्री थ्रो लाइनच्या उंचीवर, चेहरा चेंडूकडे. ट्रॅप आला की ड्रिबल नाही, मध्ये पास, तिथून वळून लांबच्या बाजूला पास, पुढे दोनास एक. तीन गार्ड उत्तम चेंडू हाताळणारे असले की झालं. फेब्रुवारी २००५ मध्ये ईएसपीएन २ ने ग्रिनेल–बेलॉइट सामना थेट दाखवला, तेव्हा बेलॉइट ८६–८५ जिंकलं. ग्रिनेलला ८५ वर थांबवलं तिथेच सिस्टिम अर्धी हरली होती.

शिफ्टबदल

दोघांचंही एका नियमाकडे दुर्लक्ष झालं आहे. कॉलेजच्या नियमात बास्केट पडल्यावर खेळाडू बदलता येत नाहीत. त्यासाठी शिट्टी वाजावी लागते: फाउल, बाहेर गेलेला चेंडू, टाइमआउट, जंप बॉल. सिस्टिमची खरी दुखरी नस ही आहे. प्रतिस्पर्ध्याने फाउल टाळले, चेंडू आत ठेवला आणि दोन्हीकडे बास्केट पडत राहिल्या, की जो गट ५० सेकंदांसाठी आला होता तो दोन-अडीच मिनिटं धावत राहतो. दीड मिनिटानंतर ट्रॅपला दुसरा माणूस अर्धं पाऊल उशिरा पोचतो, आणि मधला पास तिथूनच निघतो. बेलॉइटसारखा एका गुणाचा सामना पाहताना टर्नओव्हर मोजण्याआधी शिट्ट्यांमधलं अंतर मोजावं.

हे घरबसल्या करता येतं. बॉक्स स्कोअरमधला (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) प्ले-बाय-प्ले (क्षणाक्षणाची नोंद) उघडा आणि ग्रिनेलच्या प्रत्येक गटबदलाची वेळ एका स्तंभात उतरवा. शेजारच्या स्तंभात त्या शिफ्टमध्ये झालेले समोरच्याचे टर्नओव्हर, तिसऱ्यात समोरच्याचे पेंटमधले (बास्केटसमोरच्या चौकटीतले) गुण. ७५ सेकंदांपेक्षा लांब शिफ्टना खूण करा. दहा-बारा सामने असे मांडले की कुठला संघ मुद्दाम शिट्टी टाळतो ते स्पष्ट दिसतं.

एक सावधगिरी. छोट्या कॉलेजांत आकडे बहुधा विद्यार्थीच भरतात. एका दमात पाच आत, पाच बाहेर म्हणजे दहा नोंदी, आणि तोवर पुढचा शॉट पडलेला असतो. म्हणून प्लस-मायनसवर (खेळाडू मैदानावर असतानाचा गुणफरक) विश्वास ठेवू नका. बेंचवर दाखवलेल्या खेळाडूच्या नावावर बास्केट दिसली की समजा नोंद मागे पडली आहे; त्या शिफ्टची वेळ वेबकास्टवरून दुरुस्त करा.

अर्धवर्तुळ

१३८ चा विषय निघाला नाही अजून. २० नोव्हेंबर २०१२, ग्रिनेल १७९, फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज १०४. जॅक टेलरचे एकट्याचे १३८. माझ्या मते त्या रात्रीने ग्रिनेलचं नुकसान केलं. १०८ शॉट एकाने मारले, असिस्ट (साथीदाराला बास्केट मिळवून देणारे पास) शून्य. बॉक्सस्कोर ज्या ‘सगळ्यांना खेळायला मिळतं’ या तत्त्वाबद्दल बोलत आहेत, त्याच्या बरोबर उलटं. आणि समोर कोण, तर एनसीएएत नसलेलं छोटंसं बायबल कॉलेज. विक्रमासाठी सामना ठरवायचा आणि त्याला खेळ म्हणायचं, हे मला पटत नाही.

बॉक्सस्कोर

अर्धवर्तुळ, असिस्ट शून्य हे खरं आहे आणि ते मलाही खटकतं. पण आकडे पूर्ण वाचा. १०८ पैकी ५२, थ्री ७१ पैकी २७, फ्री थ्रो १० पैकी ७. म्हणजे टू ३७ पैकी २५. थ्री ३८ टक्के, टू ६८ टक्के. ३६ मिनिटं खेळून, पहिल्या हाफात ५८ आणि दुसऱ्यात ८०. थकलेल्या पायांनी दुसऱ्या हाफात गुण वाढवणं हे कौशल्यच आहे, समोर कुणीही असो.

त्याच सामन्यात फेथ बॅप्टिस्टच्या डेव्हिड लार्सनने ४४ पैकी ३४ शॉट पाडून ७० गुण केले. ही ओळ मला जास्त शिकवते. सिस्टिम काय देऊन काय घेते ते या दोन ओळींत शेजारी-शेजारी आहे.

कमकुवत प्रतिस्पर्ध्याबद्दल: बेव्हो फ्रान्सिसने रिओ ग्रांदे कॉलेजकडून १९५३ मध्ये ११६ केले, ते दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजविरुद्ध होते म्हणून एनसीएएने धरले नाहीत. १९५४ मध्ये हिल्सडेलविरुद्धचे ११३ धरले. म्हणजे कुठला सामना मोजायचा याचा नियम आहे, आणि टेलरचे १३८ त्या नियमात बसले.

अर्धवर्तुळ

नियमात बसतं आणि खेळाला शोभतं यात फरक आहे. नोव्हेंबर २०२४ चा एमाउस बायबल कॉलेजविरुद्धचा सामना घ्या. ग्रिनेलने १११ शॉट मारले, सगळे थ्री, एकही टू नाही. ४० पडले, १२४–६७ जिंकले. लेअप मोकळा असताना बाहेर पास करायचा? विद्यार्थ्यांचा खेळ म्हणता, मग समोरची मुलंही विद्यार्थीच आहेत.

मधली_लेन

या एका मुद्द्यावर अर्धवर्तुळ यांच्याशी सहमत. मोकळा लेअप सोडणं सिस्टिमच्या स्वतःच्या गणितालाही धरून नाही. मूळ सूत्रात निम्मे शॉट थ्री आहेत, सगळे नाहीत, आणि चोरलेल्या चेंडूवरचा लेअप हा त्यातला सगळ्यात स्वस्त गुण आहे.

तरी त्या सामन्यातला ३६ टक्के हा आकडा बाजूला काढून ठेवा. २०२०-२१ पासून डिव्हिजन थ्रीत पुरुषांची थ्रीची रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट १¾ इंचांवर गेली, सुमारे ४२ सेंटिमीटर मागे. सूत्र जुन्या रेषेवर बेतलेलं होतं. माझ्या वरच्या हिशेबात १६ ऐवजी १४ थ्री पडले तर ६ गुण गेले, अर्धी आघाडी संपली. २०२० च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच तक्त्यात टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. नाहीतर शूटर कमी पडत आहेत असं वाटेल आणि खरं कारण रेषा असेल.

पोस्टप्ले

रेषेचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. जी पद्धत रेषा थोडी सरकल्यावर डळमळते, ती पद्धत राष्ट्रीय स्पर्धेत टिकणार नाही. तिथे शुक्रवारी खेळून शनिवारी पुन्हा खेळावं लागतं, आणि मार्चपर्यंत आलेल्या संघांत चेंडू सांभाळणारे गार्ड असतातच.

शिफ्टबदल

लागोपाठच्या दोन दिवसांबद्दल उलट बोलाल तर पटेल. वीस जणांत मिनिटं वाटलेला संघ शनिवारी ताजा असतो. अडचण तयारीची आहे. कॉन्फरन्सबाहेरच्या कोचला ग्रिनेलसाठी एकाच दिवसाचा सराव मिळाला तर सिस्टिमला फायदा, कारण सरावात असा प्रेस उभा करायला आठ-दहा ताजे राखीव खेळाडू लागतात. पण कॉन्फरन्स जिंकल्याशिवाय त्या स्पर्धेत पोचताच येत नाही अशी ग्रिनेलची परिस्थिती असते, आणि कॉन्फरन्समध्ये सगळे तिला ओळखून असतात.

नवा_चाहता_पुणे

मी डिव्हिजन थ्री नुकतंच पाहायला लागलो आहे. भारतातून पाहायचं तर सुरुवात ग्रिनेलपासून करावी का? वेळा कशा जुळतात?

पोस्टप्ले

तिथली संध्याकाळी ७ ची वेळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळी ६:३०. शनिवारी दुपारी ३ चा सामना रविवारी पहाटे २:३० ला. आठवड्यातले सामने सोपे पडतात.

सुरुवात ग्रिनेलपासून करू नका. आधी विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांची कॉन्फरन्स पाहा, किंवा मिशिगनमधलं होप विरुद्ध कॅल्व्हिन, जिथे छोट्या कॉलेजाच्या सामन्याला तीन हजारांवर माणसं येतात. एका पझेशनमध्ये (चेंडू एका संघाकडे असतो तेवढ्या वेळात) काय काय घडतं ते डोळ्यांना कळू द्या. मग ग्रिनेल लावा.

बॉक्सस्कोर

माझा सल्ला उलट आहे. ग्रिनेलच्या एका सामन्यात कितीतरी जास्त पझेशन, कितीतरी जास्त निर्णय. पहिल्या पाच मिनिटांत चेंडूकडे पाहूच नका. इनबाउंड घेणाऱ्यावर दुसरा माणूस कुठून येतो आणि मधला खेळाडू कुठे उभा आहे, एवढंच पाहा. पुढच्या पाच मिनिटांत कोण आत आलं, कोण बाहेर गेलं. हाफटाइमला बॉक्स स्कोअर उघडून समोरच्याचे टर्नओव्हर बघा: १६ च्या वर असतील तर उद्दिष्टाच्या वाटेवर, ११ किंवा कमी असतील तर पोस्टप्ले सांगतात तोच मधला पास चालतो आहे. दुसऱ्या हाफात तो बंद करायला ग्रिनेल काय बदलतं, ते पाहण्यासारखं असतं.

पोस्टप्ले

हाफटाइमला टर्नओव्हरबरोबर ‘पॉइंट्स ऑफ टर्नओव्हर्स’ची ओळही बघा, तळाशी असते. समोरच्याकडून १६ टर्नओव्हर करवूनही त्यावर १२-१४ च गुण असतील, तर चोरलेला चेंडू घाईच्या थ्रीवर वाया जातो आहे. अशा सामन्यात मी तरी प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने बसेन.