मोठं वाफेचं इंजिन हवं असेल तर वळण आधी ठरवा

वऱ्हाडी वाफ (धागाकर्ता)

एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट (घरातली रूळमांडणी) मांडणारे आपल्यातले बहुतेक जण आधी इंजिन घेतात आणि मग खोलीत मावेल तेवढं वळण टाकतात. माझं मत याच्या उलट आहे. आधी वळणाची त्रिज्या ठरवा आणि त्या वळणावर जे इंजिन शोभेल तेच घ्या. मोठ्या इंजिनासाठी 30 इंच, म्हणजे 762 मिमीपेक्षा कमी त्रिज्या घेऊच नये.

खऱ्या रुळाचा हिशेब करून पाहा. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजला जास्तीत जास्त 10 अंशांचं वळण चालतं. त्याची त्रिज्या 175 मीटर. 87 ने भागली की जवळपास 2 मीटर येते! एवढी जागा कोणाकडेच नसते, म्हणून सगळेच तडजोड करतात. प्रश्न फक्त किती करायची एवढाच. हौशी लोक एक आडाखा वापरतात: सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या. आपला आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा 21.3 मीटरचा, मॉडेलमध्ये 245 मिमी. त्याची तिप्पट 735. माझा 30 इंचांचा आग्रह तिथून येतो.

तयार वळणाचे तुकडे बहुधा 18 आणि 22 इंचांचे मिळतात. 22 इंचांच्या वळणावर हाच डबा मधोमध साडेसहा मिमी आत येतो आणि टोकाला 7 मिमी बाहेर जातो. शेजारी दुसरा रूळ असेल तर दोन गाड्या एकमेकींना घासतात. इंजिनाचं तर विचारूच नका. अमेरिकेचं बिग बॉय हे वाफेचं इंजिन टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) 40 मीटरच्या वर, मॉडेलमध्ये सुमारे 465 मिमी. 18 इंचांच्या वळणाची त्रिज्या 457 मिमी. त्रिज्येपेक्षा इंजिनच लांब! खऱ्या बिग बॉयमध्ये चाकांचा पुढचा संच वळतो आणि मागचा बॉयलरला पक्का असतो. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही संच वळवले आहेत, म्हणून ते अशा वळणावरून निघतं. पण बॉयलरचं नाक रुळाबाहेर कुठल्या कुठे जातं. ज्या रुबाबासाठी इंजिन घेतलं तोच गेला.

शहरातल्या फ्लॅटवाल्यांची अडचण मला कळते. पण आपल्याकडे ओसरी आहे, मागची धान्याची खोली आहे. जागा असताना 18 आणि 22 का टाकायचं?

कारंज्याचा गडी

भाऊ, धान्याची खोली धान्यासाठी असते न! दिवाळीपासून कापूस येतो. भाव चढेल म्हणून तो घरातच थांबवावा लागतो. मग तूर, मग हरभरा. माझी खोली रिकामी असते ती उन्हाळ्यातच. त्यामुळे आठ बाय चारची एकच प्लायवूड पाटी, काम झालं की भिंतीला उभी. चार फुटांत 22 इंचांचं वळण बसतं आणि काठाला दोन-दोन इंच उरतात. यापेक्षा मोठं बसतच नाही.

आणि 22 वर मोठं इंजिन चालत नाही असं नाही. पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या चाकांत 75 मिमी अंतर असलेलं इंजिन घ्या. 22 इंचांवर मधल्या चाकाला फक्त सव्वा मिमी सरकावं लागतं. 30 इंचांवर 0.9 मिमी. फरक एवढाच. बनवणारे त्यासाठी चाकांना आडवी मोकळीक देतात, मधल्या चाकाची फ्लँज (चाकाला रुळावर धरणारी कड) काढतात. इंजिनाच्या खोक्यावर किमान त्रिज्या 22 लिहिलंय ते कोणीतरी चालवून पाहूनच लिहिलंय.

तुमच्या नियमाने चाललं तर गावातला पोरगा कधी सुरुवातच करणार नाही. आधी गाडी फिरू द्या.

वऱ्हाडी वाफ

गडीभाऊ, गाडी चालणं आणि शोभणं यात अंतर आहे, माझा मुद्दा तो आहे. 22 वर चालवायचं म्हणजे इंजिन आणि टेंडरमधला जोडदांडा लांबच्या भोकावर लावायचा. मग मधे एवढी फट दिसते की फायरमन कोळसा टाकताना खाली पडेल! रुंद वळणावर तोच दांडा जवळच्या भोकावर लागतो आणि इंजिन-टेंडर एकसंध दिसतात. 1947 मध्ये आलेल्या, बुलेटसारख्या नाकाच्या डब्ल्यूपीवर (आपलं ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन) माझा जीव आहे. तिला अशी तुटक पाहवत नाही.

मूर्तिजापूर जंक्शन

तुम्ही दोघंही ब्रॉडगेजवर भांडून राहिले. आपली शकुंतला रेल्वे कशी विसरलात? यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, अडीच फुटी गेज (दोन रुळांतलं अंतर), 1994 पर्यंत वाफेवर धावली. नॅरोगेजला नियमानेच 40 अंशांचं वळण चालतं, त्रिज्या 44 मीटर. 87 ने भागा: 506 मिमी, म्हणजे 20 इंच. गडीभाऊंच्या पाटीवर 22 इंच बसतं, म्हणजे तिथे खऱ्यापेक्षाही मोकळं वळण मिळतं. एका मिलिमीटरचीही तडजोड नाही!

रुळाचंही जमतं. 762 मिमी भागिले 87 म्हणजे पावणेनऊ मिमी, आणि एन गेजचा, म्हणजे आणखी लहान प्रमाणाच्या मॉडेलांचा, 9 मिमी रूळ सगळीकडे मिळतो. उलट तुमचं ब्रॉडगेज 1676 मिमीचं. ते 19.3 मिमी व्हायला हवं, पण तुम्ही एचओच्या 16.5 मिमी रुळावर चालवता. शोभेची गोष्ट करायची तर आधी तिथून करा.

इंजिन स्वतः बांधावं लागेल, हे खरं. बांधू की. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, मापं घ्यायला जाता येतं.

वऱ्हाडी वाफ

शकुंतलेबद्दल वाद नाही, दादा. ते काम कोणी केलं तर मी पहिला बघायला येईन. पण धागा मोठ्या इंजिनाचा आहे. ज्याला मोठंच हवं त्याला लहान घे सांगणं हे उत्तर होत नाही.

मूर्तिजापूर जंक्शन

तुम्हीच वर लिहिलंय न, वळणावर शोभेल तेच इंजिन घ्या म्हणून? मी तेवढंच केलं.

सुतारकाम

जागेवर एक तोडगा. 30 इंचांचं पाव वळण तीन फुटी चौकोनी पाटीत बसतं. अशा चार पाट्या करा, मधे सरळ तुकडे जोडा. हंगामात सगळं माळ्यावर. सांधा मात्र वळणात येऊ देऊ नका. पाटीच्या दोन्ही टोकांना 80-90 मिमी सरळ रूळ ठेवा, तेवढी जागा उरते.

आणि आपल्या उन्हाचा विचार करा. थंडीच्या रात्री टाकलेला चार मीटर रूळ मे महिन्यात सुमारे 2 मिमी वाढतो. फटी ठेवल्या नाहीत तर तो वळणावरच बाहेर फुगतो, आणि मोठं इंजिन तिथेच उतरतं. पुष्कळ वेळा दोष त्रिज्येला देतात, असतो उन्हाचा.

कारंज्याचा गडी

चार पाट्या माळ्यावर चढवायच्या, उतरवायच्या, दर वेळी आठ सांधे जुळवायचे. सुतारभाऊ, एकट्या माणसाचं ते काम नाही. मी 22 वरच राहतो. एवढं मात्र मान्य की सरळातून वळणात शिरताना इंजिनाला हिसका बसतो, आणि तो मला खटकतो.

वऱ्हाडी वाफ

मग ईझमेंट नक्की घाला. सरळ रुळातून एकदम 22 वर न जाता 300 मिमी लांबीत हळूहळू वळवा. त्यासाठी सरळ रूळ फक्त 7 मिमी बाहेर सरकवावा लागतो, आणि तुमच्या काठाला 50 मिमी आहेत. तयार तुकड्यांनी हे होत नाही, फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) लागेल. माझा 30 चा आग्रह कायम आहे, पण 22 टाकायचंच असेल तर असं टाका.